तीळ भिजेपर्यंत

जिभेखाली ठेवलेली गोळी एकदम विरघळत नाही. आधी तिच्या कडा मऊ पडतात, मग मधोमध एक खाच दिसते, आणि शेवटी पांढरा पिठूळ थर तेवढा उरतो. जिभेखालच्या निळसर शिरांवर तो पातळ दिलेल्या चुन्यासारखा दिसतो. तोही दिसेनासा झाला की काम झालं. तोवर गिळायचं नाही, थुंकायचं नाही आणि बोलायचं नाही.

विलास बंडगरला यातलं शेवटचंच जड जायचं.

"जीभ वर करा," मी म्हणाले.

त्याने केली. मी टॉर्च मारला. खाच नुकती पडली होती. त्याच्या नखांच्या कडा आणि हातांवरच्या रेषा हळदीने पिवळ्या झालेल्या होत्या. सांगलीच्या मार्केट यार्डात तो हळदीची पोती वाहायचा. त्याने एक पिवळं बोट उभं करून मला काहीतरी विचारलं, मग दोन्ही हातांनी कप धरल्यासारखं केलं.

"चहा नंतर. आधी हे संपू दे."

त्याने कपाळाला हात लावला. माझ्यामागे उभी असलेली मालन हसली. मालन आमच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायची, नावं पुकारायची, आणि यार्डातल्या अर्ध्या लोकांना नात्याने ओळखायची.

"बाई, या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही गोळी भिजवायला सांगताय."

बंडगरने तिच्याकडे रागाने पाहिलं. मोठ्याने काही बोलता येत नव्हतं म्हणून नाकातून एक लांब आवाज काढला. गोळी विरघळल्यावर त्याचं पहिलं वाक्य म्हणजे तिला दिलेलं उत्तरच होतं: "मालनताई, तुझ्या नवऱ्याला इचार, त्याचं किती तीळ माझ्या तोंडात भिजत पडल्यात ते."

ही गोष्ट मी दवाखान्यात नवी होते तेव्हाची. दवाखाना डॉ. मगदूमांचा. चाळीस वर्षांची प्रॅक्टिस, घर मागे, दवाखाना पुढे, दोन्हींच्या मध्ये एक अंगण आणि कढीपत्त्याचं झाड. त्यांना मी सर म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला काकू. त्यांचा मुलगा परदेशात होता. सरांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना फोन करून मला बोलावून घेतलं.

हमालांची अडचण मला पहिल्या महिन्यातच कळली. पाठीसाठी म्हणून कुणीतरी ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल आणलेल्या असायच्या. ते अफूच्याच कुळातलं औषध. यार्डात त्या कॅप्सूलला 'ताकदीची' म्हणत. सकाळी चहाबरोबर घेतली की पोतं हलकं लागतं. पुढे ती नाही घेतली तर पोतंच काय, चहाचा कपही उचलवत नाही. अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात मुरडा येतो. बंडगर पहिल्यांदा आला तेव्हा त्याने हे सगळं भर दवाखान्यात, मोठ्याने, हातवारे करून सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, "बाई, आता मी पोत्यासाठी गोळी खात न्हाय. गोळीसाठी पोतं उचलतोय."

मी मिरजेला जाऊन ही सवय सोडवणाऱ्या, जिभेखालच्या गोळीच्या उपचाराचं शिक्षण घेतलं, लागणाऱ्या परवानग्या मिळवल्या आणि सरांना सांगितलं, की हे वेगळ्या केंद्रात पाठवण्याचं काम नाही. आपण ज्या टेबलाशी खोकला, साखर, रक्तदाब बघतो, तिथेच हेही बघता येईल.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले.

"सुमेधा, या औषधानं खरंच सुटतं?"

"बऱ्याच जणांचं. वेळ लागतो. काहींना वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, पण माणूस उभा राहतो."

"इंजेक्शनची सवय असेल तर?"

"तरी चालतं."

"वय झालेलं असेल तर?"

"सांभाळून द्यावं लागेल. पण देता येतं."

ते खिडकीबाहेर बघत होते. "बघू," ते म्हणाले.

'बघू' हा सरांचा शब्द होता. दवाखान्याला रंग द्यायचा का, बघू. मुलाकडे जायचं का, बघू. त्यात नकार नसायचा आणि होकारही नसायचा. या बाबतीत मात्र आठवड्याने त्यांनी होकार दिला, एका अटीवर. हे पेशंट पुढच्या दाराने येणार नाहीत. मागच्या बोळातून, अंगणाच्या दाराने, दुपारी पुढचा दवाखाना मिटायच्या सुमारास.

"पुढे म्हाताऱ्या बायका बसतात, लेकुरवाळ्या असतात. व्यापाऱ्यांच्या घरची माणसं येतात. त्यांच्या शेजारी ही माणसं बसली तर उद्या कोणी येणार नाही. थोडे दिवस असं चालू दे. मग बघू."

अंगणालगत एक सामानाची खोली होती. मोडका वजनकाटा आणि औषधांची रिकामी खोकी बाहेर काढून तिथे एक टेबल मांडलं. सहा-सात जण यायला लागले. ते दार आता नाही. बुजवलेल्या जागी गिलाव्याचा रंग जरा वेगळा दिसतो, एवढंच.

अडचण एकच होती. गोळी विरघळेपर्यंत माणसावर लक्ष ठेवावं लागतं. कुणी ती काढून खिशात घालू नये म्हणून. दुपारी पुढचे शेवटचे पेशंट अजून बसलेले असायचे आणि मालन मला हाका मारायची. बाकीचे जोडीने यायचे, पटकन आटपायचे. बंडगर गाडी रिकामी करून सगळ्यांच्या शेवटी यायचा. त्याला खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तो अंगणातल्या स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसायचा.

"काकू," मी एकदा म्हटलं, "याच्याकडे जरा लक्ष ठेवाल? थुंकू देऊ नका आणि बोलू देऊ नका."

काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालणाऱ्या. त्या कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. पुढे कुणाची छाती तपासताना मला मधल्या दारातून अंगणाचा तुकडा दिसायचा. बंडगर पायरीवर, तोंड मिटून, गाल किंचित फुगवून. काकू वरच्या पायरीवर, मांडीवर सूप. आणि नवल म्हणजे काकू बोलत असायच्या. हळू, मान खाली घालून, एकसारख्या. तो अधूनमधून मान हलवायचा. गोळी विरघळली की काकू आत जाऊन चहा आणायच्या, आणि मग तो बोलायला लागायचा आणि काकू गप्प व्हायच्या.

"काय सांगता हो त्याला एवढं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही गं. घरचंच." त्यांनी सूप झटकलं. "ऐकून घेतो बिचारा."

मला बरं वाटलं होतं. घरात मुलगा नाही, सून नाही; बोलायला कुणीतरी मिळालं.

एकदा त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, चेहरा घामाने भिजलेला. मी रक्तदाब बघायचा पट्टा आणला आणि म्हणाले, "बाही वर करा काकू." त्या एकदम मागे सरकल्या. "नको. माझं हे बघतात." सर आत आले, त्यांना खोलीत घेऊन गेले. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या तेव्हा शांत होत्या, हसत होत्या. मला म्हणाल्या, "पित्ताचं आहे जुनं." सर चांगले डॉक्टर होते. मी पुन्हा विचारलं नाही.

बंडगर सुधारला. त्याचं वजन वाढलं, तो रात्री झोपायला लागला. बायकोने त्याच्या हातून माझ्यासाठी भाकरी आणि भरलं वांगं पाठवलं. आणि एक दिवस, चहा पिऊन झाल्यावर, तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, एक इचारू? मला पुढनं येऊ द्या की."

"का? इथे काय वाईट आहे?"

"वाईट न्हाय. पण आवो, पुढं बसलो तर लोक काय म्हणतील? बंडगरला खोकला झालाय. फार तर बंडगरला मूळव्याध झालीय." तो हसला. "मागनं आलो की कुणाला इचारायचीच गरज न्हाय. बोळात शिरलं की माणसाच्या कपाळावर लिवल्यालं हाय. तुम्ही झाकाय गेला आन् उघडं पडलं."

तो म्हणाला ते अगदी खरं होतं. बोळाच्या तोंडाशी यार्डातल्या गाड्या उभ्या राहायच्या. तिथून दार सरळ दिसायचं.

"टोळीत कुणी काही बोललं का?"

"मुकादम इचारत हुता, मागच्या दाराला काय वाटत्यात म्हणून. मी म्हटलं परसाद." पण या वेळी तो हसला नाही. "पोतं वाहणारा गोळीवर हाय असं कळलं तर गाडीच्या फळीवर कोण चढू देईल? गोळी खात हुतो तवा कुणी इचारलं न्हाई. सोडाय लागलो तर इचारत्यात."

"मी सरांशी बोलते."

मी खरोखर त्याच संध्याकाळी बोलले. सर काकूंसोबत जेवायला बसले होते. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की मागच्या दाराचा उलटा परिणाम होतोय. पुढे बाकावर बसवू, बाकीच्यांसारखा नंबर लावू, माझ्या खोलीत औषध देऊ. कोण कशासाठी आलंय हे कुणाला कळणारही नाही.

सरांनी घास हातात धरून ठेवला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. वाढायचं विसरून, डाव हातात धरून.

"एकदा पुढे बसवलं," सर म्हणाले, "की मग ते सगळ्यांचंच झालं. मग कुणाला नाही म्हणता येणार नाही." ते माझ्याशी बोलत होते, पण डोळे ताटात होते. "दिवाळी होऊ दे. बघू."

काकूंनी डाव भांड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बंडगरने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बघू म्हणाले आहेत." पुढच्या आठवड्यात त्याने विचारलं. मी म्हणाले, "बघते." तिसऱ्या वेळी त्याने विचारलं नाही.

दिवाळी झाली. यार्डातलं काम वाढलं. एका दुपारी तो आला आणि टेबलाशी बसला नाही.

"गोळी नको आज. उद्यापास्नंबी येत न्हाय."

"काय झालं?"

"टोळीतनं काढलं. मुकादम म्हणला, मागच्या दाराच्या माणसाचा भरवसा न्हाय." तो सगळं सावकाश बोलत होता, आणि हे त्याच्यासारखं नव्हतं. "दुसऱ्या टोळीत घेत्यात. ते लांब, कोल्हापूर रोडला गाड्या भरत्यात. दुपारी सोडत न्हाईत. आन् तिथं तरी पाटी कोरी राहू दे."

"बंडगर, औषध असं मधेच सोडायचं नाही. ती कॅप्सूल परत सुरू होईल. सकाळी लवकर या, पुढून या, मी सरांना सांगते. या आठवड्यात मी नक्की बघते."

"बघा की." त्याने दाराच्या चौकटीला हात लावला. हळदीचा पुसट ठसा उमटला. "बघते म्हणताय तर बाई, एकदा वैनींकडंबी बघा."

"काकूंना काय झालंय?"

त्याने तोंड उघडलं. माझ्या लक्षात आहे, त्याने उघडलं आणि मग मिटलं, गोळी जिभेखाली असल्यासारखं.

"चहा देत्यात रोज. उपकार हायत. म्हणून म्हटलं," तो म्हणाला.

पायरीवर काकू उभ्या होत्या. तो त्यांच्याजवळ गेला, काही बोलला, हात जोडले आणि बोळात दिसेनासा झाला. मला वाटलं, निरोप घेतोय.

संक्रांतीच्या आधी मालन सकाळी आली ती नंबर न लावता सरळ माझ्या खोलीत. तिने पदर तोंडाला लावलेला होता.

"बाई, आपला बंडगर."

फळीवरून पोतं घेऊन गाडीत चढताना त्याला झटका आला. आकडी. पोत्यासकट खाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. खिशात कॅप्सूलची पाकिटं होती. ट्रॅमाडॉल जास्त झालं की आकडी येते, हे मला माहीत होतं. मालनला ते सांगून उपयोग नव्हता, तरी मी सांगितलं. ती ऐकत राहिली.

मी सरांना सांगायला मागे गेले. सर आरामखुर्चीत होते. त्यांनी डोळे मिटले. "अरेरे," ते म्हणाले. स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा वास येत होता, आणि मग तो करपल्याचा यायला लागला. मी आत गेले. काकू कढईसमोर उभ्या होत्या. हातात उलथणं होतं, पण त्या हलवत नव्हत्या. मी गॅस बंद केला.

"बायको आहे ना रे देवा त्याची," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दवाखाना भरलेला होता. संक्रांत होऊन गेली होती, थंडीने सगळ्यांची छाती धरली होती. बाकांवर जागा नव्हती. मी एक पेशंट संपवून दार उघडलं, तर रस्त्याकडच्या पायऱ्यांवर कुणीतरी चपला काढत होतं. नीट, एकीला एक लावून.

काकू होत्या. अंगणातून सहा पावलांवर दवाखाना. त्या बोळातून बाहेर पडून, कोपरा वळून, रस्त्याने आल्या होत्या.

"काकू?" मालन उठून उभी राहिली. "आत जा की सरळ."

"नंबर दे मला."

"तुम्हाला कसला नंबर?"

"सगळ्यांना देतेस तसला."

मालनने माझ्याकडे पाहिलं आणि नंबर दिला. एक म्हातारी सरकून बसली, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरची. काकू तिच्या शेजारी बसल्या. हात मांडीवर, लांब बाह्या मनगटापर्यंत. म्हातारीने विचारलं, "काय होतंय वैनी?" काकू म्हणाल्या, "सांगते."

कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं. सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. गळ्यात स्टेथोस्कोप, एक हात भिंतीला.

"अगं, इथे काय बसलीस? आत चल. मी बघतो."

"तुम्ही नका बघू," काकू म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, पण खोकणारेसुद्धा थांबले. "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बघताय. दुखण्याची इंजेक्शनं देऊन."

सर भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. 'इंजेक्शनची सवय असेल तर?' त्यांनी मला विचारलं होतं. 'वय झालेलं असेल तर?' मी दोन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती.

मालन माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तिने नाव पुकारायला तोंड उघडलं आणि अडखळली. तिला ते माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणीच ते कधी उच्चारलं नव्हतं.

"पद्मिनी," काकूंनी सांगितलं. "पद्मिनी मगदूम. घे की नाव."

"पद्मिनी मगदूम," मालन म्हणाली.

काकू उठल्या. माझ्या दारापर्यंत आल्या, पण आत आल्या नाहीत. सगळ्यांना दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि डावी बाही दंडापर्यंत वर सारली. कातडी जुन्या लाकडासारखी, घट्ट, काळवंडलेली, जागोजागी खळगे पडलेले.

"तो बोलू शकत नव्हता ना गं," त्या मला म्हणाल्या. "तोंडात गोळी असायची. म्हणून मी बोलायची. रोज थोडं थोडं. सगळं सांगितलं त्याला. मागाहून भीती वाटायची, आता हा यार्डभर करणार. मालन म्हणायचीच, याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मालनने खाली पाहिलं.

"गेला, पण एका शब्दानं कुणाला बोलला नाही. शेवटच्या दिवशी मला म्हणाला, वैनी, तुम्ही मागनं जाऊ नका. तुम्ही पुढं जाऊन बसा. तुम्ही बसला की आम्हालाबी बसता येईल." काकू थांबल्या. "मी म्हटलं, बघू."

रस्त्यावरून एक गाडी गेली. सर भिंतीला टेकले होते. म्हातारीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर सरांसाठी जागा केली. ते बसले नाहीत.

काकूंनी बाही खाली केली नाही. हात तसाच पुढे धरून, सरांकडे न बघता, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या, "सुमेधा, मला ती जिभेखालची गोळी सुरू कर. आणि मी रोज पुढूनच येणार."